लवचिक कोण: ड्यूटी लिस्ट की सिस्टर?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नर्सिंगमधल्या करिअरवर आलेला लेख आम्ही चौघींनी ड्यूटी रूममध्ये एकत्र वाचला. तीन पाळ्यांत चालणारं काम असल्यामुळे घर सांभाळून करायला याच्याइतकी लवचिक नोकरी दुसरी नाही, असं त्यात एक वाक्य होतं. ते मोठ्याने वाचणारी सिस्टर लागोपाठ पाचवी नाईट करून निघाली होती. वाक्य संपल्यावर तिने पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "यांना कोणीतरी कळवा." मी सगळ्यांत जुनी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

लेख खोटा आहे असं मी म्हणणार नाही. सव्वीस वर्षं या कामात गेली. मधे मुलगी वाढवली, वडिलांचं लांबलेलं आजारपण काढलं, आणि नोकरी हातची गेली नाही. दुसऱ्या पेशात हे जमलं असतं असं मला वाटत नाही. पण नुसत्या पाळ्या आहेत म्हणून नोकरी लवचिक होत नाही. पाळी कोण ठरवतं, ती किती दिवस आधी कळते आणि बदलून मागितली तर काय ऐकून घ्यावं लागतं, सगळं त्यावर आहे. लेखात यातलं काहीच नव्हतं. पत्र लांबलं आहे. कापायचंच झालं तर मधलं कापा, शेवट ठेवा.

आधी एक रात्र सांगते. नोकरीला लागून चौथं वर्ष होतं. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, एकही खाट रिकामी नाही. दुपारची ड्यूटी संपत आली आणि निरोप आला, नाईटची सिस्टर येत नाहीये, तुम्हीच थांबा. म्हणजे डबल. तेव्हा मला नाही म्हणता येत नव्हतं; आणि नाही म्हणून जायचं कुठे, वॉर्ड उघड्यावर टाकून थोडंच निघता येतं? पहाटे सहाच्या सुमाराला मी इन्सुलिनची सिरिंज भरून बारा नंबरच्या खाटेपाशी गेले. इन्सुलिन होतं चौदा नंबरचं. बारा नंबरचे आजोबा दम्यासाठी दाखल होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातली ती बारकी सिरिंज पाहिली आणि अगदी संकोचून म्हणाले, "सिस्टर, मला शुगर नाही हो. ते पलीकडच्यांना असतं ना?"

मी "हो, हो, चुकलंच" असं काहीतरी पुटपुटले. चौदा नंबरकडे गेले, नाव विचारलं, केसपेपर पाहिला, परत नाव विचारलं. इंजेक्शन दिलं. मग स्टोअरमध्ये जाऊन सलाईनच्या खोक्यावर बसले. आजोबा गाढ झोपेत असते तर? हा प्रश्न मला अजूनही कधीतरी पहाटे सहाला जाग आली की पडतो.

पुष्कळ वर्षांनी एक अमेरिकन अभ्यास वाचनात आला, २००४ सालचा. रुग्णालयातल्या नर्सेसनी रोजच्या रोज वहीत लिहिलं होतं, किती तास काम केलं, काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं. साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की चूक होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढलेली आढळली. मी त्या दिवशी सोळाव्या तासात होते. तेव्हा आमच्या वॉर्डातला शब्द होता 'ॲडजस्ट करून घ्या'. आता त्यालाच फ्लेक्सिबल म्हणतात. शब्द सुधारला, खोकं तेच आहे.

माझी मुलगी मुळाक्षरं शिकायच्या आधी ड्यूटी लिस्ट वाचायला शिकली. फ्रिजवर महिन्याचा कागद लावलेला असे. एम म्हणजे मॉर्निंग, ई म्हणजे इव्हनिंग, एन म्हणजे नाईट, ओ म्हणजे ऑफ. तिला फक्त ओ आवडायचा, म्हणून ती सगळ्या ओंना डोळे आणि तोंड काढून ठेवी. पुढे पुढे मला कळायला लागलं, की तिला नाईटचा त्रास नव्हता. नाईट तिला पाठ होती. आई संध्याकाळी जाते, सकाळी येते, दुपारी झोपते, तेव्हा हळू बोलायचं. त्रास होता तो खोडाखोडीचा. ज्या ओला तिने तोंड काढलंय, तिथे आदल्या रात्री फोन येऊन ई होणार. पालकसभेला मी येणार म्हणून ती वर्गात सांगून बसलेली, आणि मी वॉर्डात. एका महिन्यात अशा चार खाडाखोडी झाल्यावर तिने ओंना तोंडं काढणं बंद केलं. मी विचारलं, का गं? म्हणाली, "नंतर काढते. तो दिवस झाल्यावर."

म्हणून माझ्या लेखी लवचिकतेची पहिली पायरी म्हणजे आधी कळणं. अर्धवेळ, घरून काम, चार दिवसांचा आठवडा, हे सगळं त्यानंतरचं. हे मी एकटी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी १४९ क्रमांकाचा करार केला आणि त्याच्या जोडीला १५७ क्रमांकाची शिफारस दिली. त्या शिफारशीत सरळ लिहिलंय, की कर्मचाऱ्याला आपलं घरचं आयुष्य आखता यावं इतक्या आधी ड्यूटी कळली पाहिजे, आणि त्यात बदल फक्त खास आणीबाणीच्या वेळी करावा. दोन पाळ्यांच्या मधे सलग बारा तासांची विश्रांती हवी, हेही तिथेच आहे. शिफारस कोणाला बांधील नसते, मान्य. पण आमच्याकडे इव्हनिंगहून लगेच मॉर्निंगला यायचं हा रिवाजच होता. रात्री नऊला सुटायचं, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेनऊ, आणि सकाळी सातला परत हजर. कागदावर दहा तास. त्यातून जाणं-येणं, आवरणं, मुलीची उद्याची तयारी वजा करा. उरते ती झोप नव्हे, डुलकी.

पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे पुढे फिरवाव्यात. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही; लहान मूल सांभाळलेल्या कोणालाही विचारा. उलट्या फिरवल्या की माणूस आठवडाभर धड जागा नाही नि धड झोपलेला नाही. यात एका पैशाचाही खर्च नाही. तरी बहुतेक लिस्टा अजून उलटसुलट असतात, कारण त्या रिकाम्या चौकोनाकडे बघून भरल्या जातात, माणसाकडे बघून नाही.

आता त्या लेखातल्या 'असंख्य वाटां'बद्दल. वाटा आहेत. मी तीन-चार तुडवल्या आहेत, म्हणून त्यांचे खड्डे माहीत आहेत.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा मी डायलिसिसला बदली मागून घेतली. तिथे नाईट नव्हती, हे एकच कारण. मला वाटलं होतं मशीनची नोकरी असेल. निघाली माणसांची. एकेका रुग्णाला आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, वर्षानुवर्षं तेच चेहरे. सुई टोचायच्या आधी हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवायची. आत भुंगा गुणगुणत असल्यासारखं जाणवतं. भुंगा गप्प झाला तर धावपळ. तो आवाज बोटांनी ऐकायला मला वर्ष लागलं, आणि त्यानंतर मला त्या कामाचा लळा लागला. पण तिथली पहिली पाळी उजाडायच्या आत सुरू होई, आणि रात्री-अपरात्री आपत्कालीन डायलिसिसचा फोन येई तो वेगळाच. म्हणजे नाईट नाही हे खरं, झोप पूर्ण हे खरं नाही.

सात वर्षं तिथे काढून मी आयसीयूत परत गेले. व्हेंटिलेटरचा पडदा बदललेला, पंप बदललेले, औषधांच्या ट्रॉलीतले कप्पे बदललेले. ज्या मुलीला मी कधीकाळी सलाईन लावायला शिकवलं होतं, तिनेच मला दोन महिने हाताशी धरून शिकवलं. तिने ते इतक्या सांभाळून केलं, की मला जास्तच लाज वाटली. तेव्हापासून आडवाटेला जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते: कुठेही जा, पण महिन्यातून एक-दोन ड्यूट्या वॉर्डात लावून घे. हात सुटला की परत यायची वाट अरुंद होते, आणि परत येता येत नसेल तर ती वाट लवचिक कसली?

ओपीडी बऱ्याच जणींना स्वर्ग वाटतो. मला सहा महिन्यांत कंटाळा आला. हा माझा दोष धरा. रुग्णाच्या घरी जाऊन काम करायचं तर वेळ तुमच्या हातात असते, पण दोन घरांमधल्या प्रवासाचे तास कोणी मोजत नाही, आणि एकट्या बाईने अनोळखी दार ठोठावायचं असतं. तुम्ही कुठे गेलात नि कधी बाहेर पडलात हे कोणाला तरी कळवायची सोय नसेल तर ते काम घेऊ नका. एजन्सीकडून हव्या त्या ड्यूट्या घेणाऱ्या मुली मला भेटतात. त्यांना नको ती पाळी नाही म्हणता येते, याचा मला हेवा वाटतो. पण रुग्ण कमी झाले की पहिला फोन त्यांना जातो, उद्या येऊ नका म्हणून. आजारी पडलं तर रजा नाही. रोज नवा वॉर्ड, ॲड्रेनलिन कुठल्या खणात आहे हे शोधण्यापासून सुरुवात.

फोनवरून सल्ला देण्याचं काम आता वाढलंय, आणि घरी बसून करता येतं म्हणून पास होऊन दोन वर्षं झालेल्या मुली त्याच्या मागे लागतात. मला हे पटत नाही. समोरच्याला दम लागलाय हे फोनवर ओळखायचं तर आधी शेकडो माणसांना समोर बसवून दम लागताना ऐकलेलं असावं लागतं. 'वाक्य एका दमात पूर्ण होतंय का' हे कान आपोआप मोजायला लागतो, पण त्याला वॉर्डातली वर्षं लागतात. तेव्हा ही वाट करिअरच्या उत्तरार्धात घ्यावी; गुडघे कुरकुरायला लागले की तर नक्कीच.

अर्धवेळ कामाबद्दल दोन शब्द. वडिलांच्या आजारपणात मी दीड वर्ष अर्धवेळ होते. पगार निम्मा झाला, ते ठरलेलंच होतं. बढतीच्या यादीत मात्र ते दीड वर्ष धरलंच गेलं नाही, आणि प्रशिक्षणाला पाठवायच्या वेळी "तू काय, अर्धीच असतेस" म्हणून नाव गळालं. मघाची ती १९७७ ची शिफारस अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळवाल्यांसारख्याच अटी, तासांच्या प्रमाणात, द्या म्हणते. प्रमाणात म्हणजे निम्म्या. शून्य नव्हे.

पुढे मी इन्चार्ज झाले आणि लिस्ट बनवायचं काम माझ्या हाती आलं. तोपर्यंत मी लिस्ट बनवणाऱ्यांना पुष्कळ नावं ठेवली होती, तेव्हा आता करून दाखवणं भाग होतं. मी चौकटींचा मोठा कागद भिंतीवर लावला, दोरीला पेन्सिल बांधली, शेजारी खोडरबर ठेवला आणि सांगितलं, ज्याची त्याने भरा. अटी तीनच: प्रत्येक पाळीत ठरलेली संख्या हवी, त्यात एक तरी अनुभवी हवी, आणि इव्हनिंगनंतर मॉर्निंग नाही.

पहिल्या महिन्यात फज्जा उडाला. सगळे रविवार कोरे. तिसऱ्या रविवारचा चौकोन इतक्या वेळा खोडला गेला, की कागदाला भोक पडलं. पण त्याहून वाईट गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ज्या नाईट कोणाला नको होत्या, त्या सगळ्या एकाच सिस्टरच्या नावावर सरकत गेल्या होत्या. ती अविवाहित. कोणी भांडलं नाही, कोणी ठरवलंही नाही. प्रत्येकीने मनात म्हटलं, हिच्या घरी कोण वाट बघतंय? तिने तक्रार केली नाही. मीच एका नाईटला राउंडवर गेले तेव्हा ती कोपऱ्यात फोनवर कोणाची तरी समजूत काढत होती: "नाही आई, चोर नाहीत, मीच दार लावून आले." तिच्या आईला स्मृतिभ्रंश होता. रात्री घाबरायच्या त्या. वॉर्डात एवढ्या जणींना एकमेकींच्या मुलांचे वाढदिवस पाठ, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा.

आमच्यात एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी सलग मॉर्निंग मागितल्या तर हशा पिकला. त्या हशात मी होते, हे कबूल करते.

दुसऱ्या महिन्यापासून नाईट आणि रविवार आधी सारखे वाटून घेतले, आणि उरलेले चौकोन प्रत्येकाने भरले. कारण विचारायचं नाही असं ठरवलं. मुलाची परीक्षा, आईचं आजारपण, नुसतं लोळायचंय, तिन्हीला सारखा मान. कागदाला भोक पडायचं थांबायला चार महिने लागले. आयत्या वेळचे "बरं वाटत नाहीये" असे फोन कमी झाले, कारण ज्या दिवशी यायचं नाही तो दिवस आधीच कागदावर असायचा.

एवढं करूनही जिथे माणसंच कमी, तिथे पेन्सिल काय करणार? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात प्रत्येक नर्सवर एक रुग्ण वाढला, की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने १९९९ साली यावर कायदाच केला आणि २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण हे बांधून दिलं. रविवारचं दुखणंही नवं नाही. डॅलसच्या एका रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तोडगा काढला होता: शनिवार-रविवार बारा-बारा तास करा, चोवीस तासांच्या कामाला छत्तीस तासांचा पगार घ्या. घेणाऱ्या मिळाल्या. म्हणजे नको असलेली पाळी कोणीच करत नाही असं नसतं. फुकटात करत नाही.

रात्रीबद्दलही तेच. काही जणी आपणहून कायम नाईट मागतात, दिवसा मुलं डोळ्यांसमोर राहतात म्हणून. मी त्यांना अडवत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलंय आणि २०१९ साली पुन्हा तपासून तिथेच ठेवलंय, हे त्यांना एकदा सांगते. मग त्यांचा निर्णय. आपण ज्या दिवशी घर आणि नोकरी दोन्ही सांभाळलं म्हणतो, त्या दिवशी झोप कुठून काढली हे कोणीच विचारत नाही.

आता मी विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवते. ही माझी शेवटची वाट, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांत सोपी. रविवार माझा असतो. गेल्या वर्षी शेवटच्या सत्रातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मुलाखतीत आपण काय विचारायचं असतं?" मी म्हटलं, पगार ते सांगतीलच. तू एवढंच विचार, पहिल्या तारखेपासूनची ड्यूटी लिस्ट आधीच्या महिन्यात किती तारखेला लागते?

तिने खरंच विचारलं. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. एक जण उठून वॉर्डात विचारून आले आणि म्हणाले, "तीस तारखेला. पण तशी फिक्स नसते."

तिने ती नोकरी घेतली नाही. दुसरीकडे पगार थोडा कमी होता, लिस्ट पंधरा तारखेला लागत होती. परवा भेटली तेव्हा मोबाईलमध्ये पुढच्या महिन्याचा फोटो काढलेला दाखवला. दोन ओंना डोळे आणि तोंड काढलं होतं. तिला मूल नाही. तिने स्वतःच काढलं होतं.

कळावे,

आपल्या वृत्तपत्राची एक वाचक
(परिचारिका, नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)